न उकळलेले पान

बानाबाई रामेश्वरशास्त्र्यांच्या दारी आली ती क्षमा मागायला.

फाल्गुनातली सकाळ होती. तुळशीला पाणी घालून शास्त्रीबुवा अजून अंगणातच उभे होते, तोच फाटकाची कडी वाजली आणि बानाबाई आत आली. वहाणा तिने फाटकाबाहेरच काढल्या होत्या. पडेगावच्या वसाहतीमागे जो माळ आहे, त्यावर तिची आणि तिच्या नवऱ्याची, आप्पाची, मेंढरे चरत. वसाहत उठण्याच्याही आधीपासून चरत. दर गुरुवारी देवळात शास्त्रीबुवांचे प्रवचन असे. त्याला ती न चुकता येई आणि सर्वांच्या मागे खांबाला टेकून बसे. आज ती ओट्याच्या पायरीवरही बसली नाही. पायरीच्या खाली, मातीतच टेकली.

"वर बस, बाई," शास्त्रीबुवा म्हणाले.

"नगं बुवा. हितंच बरी हाय." तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले, पुन्हा सोडले. "माज्याकून चुकी झाली. तुमच्या मंत्राला बट्टा लावला म्या."

"कोणत्या मंत्राला?"

"त्योच की, पानाचा. तुमी शिकीवला त्यो. मला त्यातला पयला सबुदच धड यीना. रंबाया म्हनू का रंभय्या म्हनू. रोज येगळंच निगायचं तोंडातून. मंग त्यो लागू कसा पडंल? आप्पाच्या पायात पू झाला. आठ दिस झालं, धर्मादाय दवाखान्यात पडलाय. तवा म्हनलं, बुवांना सांगून मोकळं व्हावं. द्येवाच्या बोलाला आमची जीब लागाया नगं हुती."

शास्त्रीबुवांच्या हातातला तांब्या रिकामा होता, तरी तो त्यांना एकाएकी जड झाला. 'तुझी जीभ चुकली नाही' हे वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आले. ते तिथेच थांबले. बाहेर पडले ते हे: "बरे वाटेल त्याला. ईश्वरावर भार ठेव."

"तुमी रागावला नाय, लई झालं," बानाबाई म्हणाली. तिने पायरीला हात लावून तो कपाळाला लावला आणि ती आल्या वाटेने निघून गेली.

जो मंत्र बिघडवल्याबद्दल ती क्षमा मागून गेली, तो मंत्र नव्हताच. आणि हे जाणणारा पुरुष त्या घडीला अंगणात तांब्या धरून उभा होता.

घडले होते ते असे. कार्तिकात एके सकाळी देवपूजेच्या स्नानाचे पाणी तापवताना पातेले कलंडले आणि शास्त्रीबुवांचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. सून शीला हिने त्यांना स्कूटरवर बसवून छावणीकडच्या एका धर्मादाय दवाखान्यात नेले. मलमपट्टीच्या खोलीत एक परिचारिका होती. तिने त्यांच्याकडे पाहिले आणि हातातली कात्री खाली ठेवून आधी नमस्कार केला.

"सर, मी गौहर. दहावी ब. संस्कृतात एक्क्याण्णव."

शास्त्रीबुवांनी चौतीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले होते. गुण मोजून संस्कृत घेणारे पुष्कळ विद्यार्थी त्यांनी पाहिले होते. तथापि ही मुलगी त्यांना आठवली. खिडकीकडच्या बाकावर बसून ती श्लोकांची अक्षरे बोटांच्या पेरांवर मोजत असे आणि मोजताना तिचे ओठ हलत. आता तिच्या केसांत एकदोन चंदेरी तारा दिसत होत्या.

गौहरने जखम धुतली. मग पोलादी डब्याचे झाकण उघडून चिमट्याने एक हिरवा, मऊ, किंचित काळपटलेला तुकडा बाहेर काढला.

"हे तर केळीचे पान," शास्त्रीबुवा म्हणाले.

"हो सर. आज ताटाऐवजी हातावर वाढतेय." ती हसली. "गॉजची जाळीदार पट्टी जखमेला चिकटते. काढायला गेलं की आलेली नवी कातडी घेऊन निघते, अन् माणूस तळमळतो. हे चिकटत नाही. अलगद सरकून येतं. अन् गरिबाला परवडतं. फक्त एक आहे. मधली शीर काढायची, दोनदा धुवायचं, तुकडे करायचे, आणि मग खळखळ उकळायचं. त्यात हयगय नाही. पान न उकळता लावलं ना सर, तर ते औषध नाही, कचरा आहे."

शास्त्रीबुवा मान डोलवत होते. तिला वाटले, सर ऐकत आहेत. पण पान हातावर टेकताक्षणी जी शीतलता आली, तिच्या सुखात त्यांचे चित्त विरघळले होते आणि त्या सुखातून एक चरण आकार घेऊ लागला होता. स्कूटरवरून घरी येईतो श्लोक पुरा झाला:

रम्भायाः कोमलं पत्रं व्रणे दत्तं सुशीतलम् ।
न सज्जते न दुःखाय मातुः करतलं यथा ॥

केळीचे कोमल, शीतल पान व्रणावर ठेवावे. ते चिकटत नाही, दुखवीत नाही, जसा आईच्या हाताचा तळवा. आयुष्यभर दुसऱ्यांचे श्लोक शिकवणाऱ्या त्या वृद्धाला आपल्या या चार चरणांचा केवढा आनंद झाला असेल, हे ज्याने कधी एखादा चरण जुळवला आहे त्यालाच समजेल.

हात बरा झाला. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी प्रवचनाच्या ओघात त्यांनी तो श्लोक म्हटला, अर्थ सांगितला. श्रोत्यांतून समाधानाची एक लहर गेली. देवळाच्या कारभारी मंडळातले साहेबराव, जे पूर्वी तलाठी होते आणि प्रत्येक गोष्टीचा उतारा मागण्याची ज्यांची सवय गेली नव्हती, त्यांनी विचारले, "शास्त्रीबुवा, हा कोणत्या ग्रंथातला?"

त्या प्रश्नाला दोन अक्षरांचे उत्तर होते: माझा. शास्त्रीबुवा म्हणाले, "परंपरेतला आहे."

हे असत्य होते काय? त्यांनी स्वतःची अशी समजूत घातली की जो परंपरेत वाढला त्याचे शब्दही परंपरेचेच. साहेबरावांनी श्लोक अर्थासह उतरवून घेतला, वर 'आपल्या ऋषिमुनींचे ज्ञान' असे शीर्षक घातले आणि मोबाइलवरून गावभर धाडला. तो फिरत फिरत शीलाच्या मोबाइलवर आला तेव्हा तिने तो सासऱ्यांना दाखवला. आपले अपत्य जगाने कडेवर घेतलेले पाहून बापाला जे वाटावे ते शास्त्रीबुवांना वाटले. त्या मजकुरात गौहरचे नाव नव्हते. उकळण्याचा शब्दही नव्हता. त्या वेळी त्यांच्या हे ध्यानातही आले नाही, आणि पुढे त्यांना सर्वांत अधिक लाज वाटली ती याचीच.

माघात आप्पाची पोटरी भाजली. करमाडच्या बाजाराहून तो कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून येत होता. उतरताना सायलेन्सरला पाय घासला. दुसऱ्याच दिवशी बानाबाई शास्त्रीबुवांकडे पान मागायला आली. त्यांच्या परसात न्हाणीच्या सांडपाण्यावर एक केळ पोसली होती. शास्त्रीबुवांनी स्वतः विळा घेऊन आतले, अजून पुरते न उलगडलेले पान कापले.

"नुसतंच ठिवू का बुवा?" बानाबाईने विचारले होते. "का काय करायचं असतंय त्येला?"

शास्त्रीबुवांची पोथी वाचायची वेळ झाली होती. "कोवळे पाहून घ्यावे," ते म्हणाले. "श्लोकात कोमल म्हटले आहे." आणि पोथीची वेळ टळत असतानाही त्यांनी एका गोष्टीला वेळ दिला: तो श्लोक तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतला.

आता ती क्षमा मागून गेल्यावर ते अंगणात किती वेळ उभे होते कोण जाणे. शीला बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, पूजा व्हायची आहे ना?"

"आल्यावर करीन."

"कुठून आल्यावर?"

त्यांनी खांद्यावर उपरणे टाकले आणि कोपऱ्यावर रिक्षा धरली.

दवाखान्याच्या बोळात शिरताच त्यांना ओरडणे ऐकू आले. मलमपट्टीच्या खोलीचे दार लोटलेले होते. आतून आप्पाचा घोगरा आवाज येत होता. मधे शिवी, मधे देवाचे नाव. शास्त्रीबुवा भिंतीशी उभे राहिले. काही वेळाने गौहर बाहेर आली आणि त्यांना पाहून तिचा थकलेला चेहरा उजळला.

"सर, हात दाखवायला आलात?"

"हात बरा आहे. आत आप्पा आहे ना?"

"तुमच्या पडेगावचेच आहेत की. जखम आता साफ होत आली. पण गॉज चिकटतंय. पाण्यानं भिजवून भिजवून काढतो, तरी ओढतंच. मला म्हणतात, 'पोरी, मेंढराची लोकर कातरताना मी कधी येवढी ओढली नाय.'"

"मग पान का लावत नाहीस?"

विचारले आणि त्यांनी जीभ चावली. गौहरने हातमोजे काढून टोपलीत टाकले.

"बंद झालं सर. ह्यांच्या जखमेतून केळीच्या पानाचा सडका तुकडा निघाला. विश्वस्तांनी विचारलं, ह्या दवाखान्यात पान कोण लावतं? मी लावते. मी सांगितलं, हे माझं पान नव्हे, माझं पान उकळलेलं असतं. तर म्हणाले, पान ते पान. वीस महिने केलं सर. एकाही पानानं दगा दिला नव्हता. डॉक्टरीणबाई माझ्या बाजूच्या आहेत, पण त्या तरी काय करतील? ते कच्चं पान कुठून आलं हे कळल्याशिवाय विश्वस्त ऐकायचे नाहीत. अन् मावशी सांगत नाहीत. म्हणतात, पानाची चूक नाही, माझीच चूक आहे."

बानाबाईने शास्त्रीबुवांचे नाव घेतले नव्हते.

"तो श्लोक," ते म्हणाले, "तू पाहिलास?"

"तीन ठिकाणांहून आला. माझ्या सासऱ्यांनीसुद्धा पाठवला, की बघ बेटी, तुझं पान तर हजारो वर्षं जुनं निघालं." ती खाली पाहून हसली. "पण 'मातुः करतलं' वाचलं अन् मी ओळखलं, हे ऋषींचं नाही, आपल्या सरांचं आहे. वर्गात काहीही मऊ असलं की तुम्ही आईचा हात आणायचात. मी कुणाला बोलले नाही सर. सरांची गोष्ट सरांनी सांगावी."

ती जाणत होती. तीन महिने जाणत होती, आणि तिच्या हातचे काम सुटले तरी तिने तोंड उघडले नव्हते.

या क्षणी जे सत्य बोलायचे ते बोलून मोकळे होण्याऐवजी त्या वृद्धाने आणखी एक पायरी खाली ठेवली. म्हणाले, "उकळण्याचा शब्द घालावयाचा होता, गौहर. पण छंदात बसेना."

गौहरचा डावा हात आपोआप वर आला आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून चालू लागला. ओठ हलले. "रम्-भा-याः..." मग तिने विचारले, "उकळलेल्याला क्वथित म्हणायचं ना सर? काढ्याला क्वाथ म्हणतो त्यातलं?" आणि उत्तराची वाट न पाहता ती मोजत गेली. "...क्व-थि-तं-पत्-रं." आठ. अंगठा पाचव्या पेरावर परत आला. "थि लघु. तं गुरु."

बसत होते. काठोकाठ बसत होते. 'रम्भायाः क्वथितं पत्रम्'. एक मात्रा इकडची तिकडे करावी लागत नव्हती.

तिने वर पाहिले, सरांचा चेहरा पाहिला आणि हात घाईने कोटाच्या खिशात घातला. "मला काय सर, किती वर्षं झाली. माझंच मोजायला चुकलं असेल."

एका सकाळी दोन स्त्रियांनी त्यांची चूक आपल्या माथ्यावर घेतली. एकीने जीभ पुढे केली, दुसरीने बोटे.

रिक्षात बसल्यावर शास्त्रीबुवांनी स्वतःशी खोटे बोलणे थांबवले. कार्तिकातल्या त्या दिवशी स्कूटरवर 'क्वथितं' हाच शब्द आधी आला होता. गौहर जे सांगत होती ते त्यांच्या कानांनी ऐकले होते. शब्द म्हणूनच तर आला. पण तो त्यांना खडबडीत वाटला. पातेल्यावरचे झाकण हलावे तसा त्याचा नाद. 'मातुः करतलं' यासारख्या स्निग्ध शब्दाच्या पंक्तीला तो कसा बसवावा? त्यांनी तो उठवला आणि त्याच्या पाटावर 'कोमलं' आणून बसवला. छंदाने अडवले नव्हते. छंद बिचारा दोघांनाही जागा द्यायला तयार होता.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. देवळात त्यांनी नेहमीचा अध्याय उघडलाच नाही. उभे राहून, हात जोडून म्हणाले, "मंडळी, पानाचा तो श्लोक परंपरेतला नाही. तो मी जुळवला आणि हे तुमच्यापासून लपवले. पान उकळून घ्यावे लागते हे मला ठाऊक होते. शब्द कानाला गोड लागेना म्हणून मी ते गाळले. ही विद्या मला गौहर नावाच्या परिचारिकेने दिली. मी तिचे नाव घेतले नाही. माझ्या सांगण्यावरून आप्पाच्या पायावर कच्चे पान बांधले गेले आणि त्याचा पाय बिघडला. असे पान घरी कोणीही बांधू नये. भाजले तर दवाखान्यात जावे."

आता कोणी तरी उठेल, विचारील, धिक्कार करील, असे त्यांना वाटले. आणि खरे सांगायचे तर ते त्याची वाट पाहत होते. उठले ते साहेबराव. त्यांचे डोळे पाणावले होते.

"ऐकलंत? ह्याला म्हणतात विनय," साहेबराव म्हणाले. "आजकाल लोक दुसऱ्याचं आपल्या नावावर चढवतात. आमचे बुवा आपलं स्वतःचं परंपरेच्या नावावर चढवतात. अन् वर आप्पाच्या पायाचा दोष पण स्वतःच्या डोक्यावर. अहो, तो आप्पा धुळीत फिरणारा माणूस, त्याचा पाय तसाही चिघळलाच असता."

"साहेबराव, मी विनय करीत नाही. मी अपराध सांगतो आहे."

"तेच तर, तेच तर," साहेबराव म्हणाले आणि आपण आणलेला नारळ शास्त्रीबुवांच्या ओंजळीत ठेवला.

त्या दिवशी शास्त्रीबुवांच्या पायांवर जितकी डोकी टेकली तितकी पूर्वी कधी टेकली नव्हती. प्रत्येक डोके टेकताना त्यांना वाटे, पाय मागे घ्यावेत; पण मागे भिंत होती. बानाबाईची खांबाजवळची जागा रिकामी होती. जिला ऐकवायचे ती दवाखान्यात नवऱ्याच्या उशाशी बसली होती.

घरी येऊन त्यांनी शीलाकडून दुरुस्तीचा मजकूर मोबाइलवर लिहवून घेतला. अर्ध्या तासात सतरा जणांचे जोडलेले हात आले. एकानेही तो मजकूर पुढे पाठवला नाही.

"जुना अजून फिरतोय बाबा," शीला म्हणाली. "आजच गंगापूरहून माझ्या मावशीनं मला पाठवला. आता तो परत बोलावता यायचा नाही."

शास्त्रीबुवा उठले, कोरा कागद घेतला आणि लिहायला बसले. आयुष्यात त्यांनी अनेक प्रशस्तिपत्रे लिहिली होती, दोनचार मानपत्रेही. त्यांची वाक्ये आपोआप वळण घेत. या कागदावर त्यांनी वाक्याला वळण घेऊ दिले नाही. पान कोणाच्या परसातले, कोणी कापले, कोणी काय विचारले, कोणी काय सांगितले आणि काय सांगितले नाही. खाली सही केली; सहीमागची 'संस्कृत पंडित' ही अक्षरे सवयीने उमटली, ती खोडली.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी ते पत्र उभ्यानेच वाचले. वाचून त्या शास्त्रीबुवांकडे न पाहता म्हणाल्या, "हे मी विश्वस्तांसमोर ठेवीन. गौहरचा दोष नाही एवढं ह्यावरून सिद्ध होतं. आप्पांची जखम आता पानाजोगी आहे. माझ्या जबाबदारीवर आजच लावता येईल. पण त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं हो म्हटलं पाहिजे. एकदा पानानं पोळलेली माणसं आहेत ती. मी भरीस घालणार नाही. तुम्हीही घालू नका."

बानाबाई बोळात खाली बसली होती, शेजारी भाकरीचे फडके. शास्त्रीबुवांना पाहून ती गडबडीने उठू लागली. ते तिच्यासमोर त्याच फरशीवर बसले. गुडघे वाकेनात; एक हात टेकून, धडपडत बसले.

"बुवा, असं खाली कामून?"

"बानाबाई, तुमची जीभ चुकली नाही."

'तुम्ही' हा शब्द तिच्यासाठी त्यांच्या तोंडून प्रथमच निघाला. तिच्या ते लक्षात आले असावे, कारण उठता उठता ती पुन्हा खाली बसली.

"तो मंत्र नव्हता. मी जुळवलेले शब्द होते. ते कसेही म्हटले असते, किंवा म्हटले नसते, तरी काही फरक नव्हता. पान उकळून घ्यायचे असते. न उकळता लावले म्हणून पू झाला. आणि हे मला ठाऊक होते."

"ठावं हुतं?"

"हो."

बानाबाईने हळूहळू पदर सावरला. ती त्यांच्याकडे नव्हे, फडक्याच्या गाठीकडे पाहत राहिली.

"म्या इचारलं हुतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "परसात. नुसतंच ठिवू का म्हून इचारलं हुतं."

"विचारले होते."

"मंग कामून नाय सांगितलं?"

या प्रश्नाचे उत्तर शास्त्रीबुवांपाशी होते. पोथीची वेळ झाली होती, हे उत्तर होते. शब्द गोड नव्हता, हे उत्तर होते. पण ते या बाईसमोर कोणत्या भाषेत सांगावे? त्यांना येणाऱ्या एकाही भाषेत ते उच्चारण्याजोगे नव्हते.

"सांजच्याला आप्पा वरडायचा," बानाबाई म्हणाली, "आन म्या त्येला म्हनायची, गप, मला नीट म्हनू दे. ततंच चुकतंय म्हनायची. त्येच्या दुखन्याकडं बगितलंच नाय म्या बुवा. पायाला वास सुटला तरी म्या तुमचं रंबायाच घोकीत बसले."

शास्त्रीबुवांनी दोन्ही हात पुढे करून तिच्या पायांकडे वाकण्याचा प्रयत्न केला. तिने पाय लुगड्यात ओढून घेतले.

"नगं. त्येनं काय हुनार हाय."

तेवढ्यात गौहर बाहेर आली. डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितले असावे. चेहऱ्यावर आनंद होता, पण तो तिने आवरून धरला होता. ती बानाबाईजवळ उकिडवी बसली. "मावशी, पान लावू का आप्पांना? तुम्ही नको म्हणाल तर नाही लावणार. गॉजच चालू ठेवू."

आतून आप्पाचा आवाज आला. "लाव म्हनाव पोरी, पान लाव न्हाय तर गवात लाव. पर त्या जाळीला आग लाव."

गौहरला हसू आले. बानाबाई हसली नाही. "उकाळलंय का?" तिने विचारले.

"उकळायचंय अजून. ताजी पानं आत्ता आणवलीत."

"मंग मला दाव. धुतल्यापासून दाव. माज्या डोळ्यानं बगन, मंग लावू दीन."

"चला की. उलट बरंच झालं."

दोघी उठल्या. शास्त्रीबुवाही हात टेकून उठले आणि त्यांच्यामागे दोन पावले गेले. केवळ पाहावे, एवढीच इच्छा होती; जे कार्तिकात पाहायचे राहिले होते ते. दारात बानाबाई वळली.

"बुवा, तुमी भायेर बसा."

त्यात राग नव्हता. मेंढरामागे आलेल्या परक्या कुत्र्याला जसे थांबवावे, तसे तिने त्यांना थांबवले. शास्त्रीबुवा थांबले. दार लोटले गेले.

बोळातल्या बाकावर ते टेकले. आतून नळाचे पाणी ऐकू येत होते, मग भांडे ठेवल्याचा आवाज. गौहर एकेक गोष्ट सांगत होती आणि बानाबाई ती आपल्या शब्दांत परत म्हणत होती: शीर काडली, दोनदा धुतलं, आता उकळी फुटू दे. एकदाही अडखळत नव्हती. बराच वेळ गेला. पाणी खळखळू लागले. पुढे काही वेळाने आप्पाच्या खोलीकडे पावले गेली. शास्त्रीबुवा कान देऊन ऐकत राहिले. आप्पा ओरडला नाही. काहीतरी बोलला, दोघी हसल्या. यावेळी बानाबाईही.

कोणी त्यांना बोलावले नाही.

शेजारी एक म्हातारी औषधाच्या चिठ्ठीची वाट पाहत होती. वेळ जाईना म्हणून तिने विचारले, "तुमचं कोन हाय आत, आजोबा?"

शास्त्रीबुवांनी विचार केला.

"माझे कोणी नाही," ते म्हणाले. "माझ्यामुळे आहे एक जण."

म्हातारीला ते उमगले नाही. तिने एकवार त्यांच्या उपरण्याकडे पाहिले आणि आपली पिशवी जराशी जवळ ओढून घेतली.